पटलावर ठेवलेला कागद

श्रोतेहो, नमस्कार.

नरिमन पॉइंटच्या विधानभवनात कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, अहवाल ठेवला गेला, की संध्याकाळच्या बातम्यांत कोटींचा एक आकडा येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये त्याच्यावर चार स्टेशनं चर्चा रंगते आणि दादर आलं की विषय उतरून जातो. तो आकडा विसरला तरी फारसं बिघडत नाही. टिपून ठेवायचा तो परिच्छेद क्रमांक. प्रत्येक आक्षेपाच्या डोक्यावर छापलेला, २.३.७ किंवा ३.१.४ असा. पुढची काही वर्षं सरकारदरबारी तो आक्षेप याच क्रमांकाने ओळखला जातो. उत्तरं त्याच क्रमांकावर येतात, साक्षी त्याच क्रमांकावर होतात. आजचं बोलणं या क्रमांकाच्या प्रवासाबद्दल आहे. विधिमंडळ सरकारकडून कागद कसे मागून घेतं, त्यातले कुठले बाहेर येतात, कुठले आतच राहतात, आणि मुंबईत बसून आपल्याला ते कसे मिळवता येतात, ते पाहू.

प्रवास सुरू होतो एखाद्या कार्यालयातल्या टेबलावर. महालेखापालांचं, म्हणजे कॅगच्या राज्यातल्या कार्यालयाचं, पथक तपासणीला येतं. फाइल चाळताना शंका आली की लेखापरीक्षक ती लिहून कार्यालयाच्या हातात देतो. या कागदाचं भारदस्त नाव अर्धसमास ज्ञापन, पण सगळे त्याला 'हाफ मार्जिन'च म्हणतात, कारण पानाची निम्मी बाजू उत्तरासाठी कोरी सोडलेली असते. कार्यालयाने तिथल्या तिथे कार्यादेश, मोजमाप पुस्तिका किंवा मंजुरीचं पत्र काढून दाखवलं तर शंका मिटते. पुष्कळ शंका अशा मिटतात. न मिटलेल्या निरीक्षण अहवालात जातात. त्यातले वजनदार आक्षेप निवडून मसुदा परिच्छेद तयार होतो आणि तो विभागाच्या सचिवांकडे जातो. उत्तरासाठी साधारण सहा आठवडे दिलेले असतात.

पहिली गफलत इथेच होते. सहा आठवडे उलटतात आणि उत्तर जात नाही. मग अहवालात छापून येतं, 'शासनाचे उत्तर प्रतीक्षित आहे.' वाचणारा या वाक्यावरून पटकन पुढे सरकतो, पण खरं तर इथे थांबायला हवं. छापलेल्या पानावर एकच बाजू आहे, असं ते वाक्य सांगतं. दुसरी बाजू मुळात नव्हतीच, की कुणी फाइल उघडायची तसदी घेतली नाही, हे अजून कळायचं आहे. आक्षेप कितीही जोरकस भासला तरी या टप्प्यावर तो आक्षेपच असतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ साली अरुणकुमार अगरवाल प्रकरणात हेच म्हटलं की कॅगचा अहवाल विधिमंडळाच्या आणि हे अहवाल तपासणाऱ्या त्याच्या लोकलेखा समितीच्या छाननीला अधीन असतो.

राज्याच्या लेख्यांवरचा अहवाल राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्यपालांकडे जातो आणि त्यांच्यामार्फत विधिमंडळापुढे येतो. किती दिवसांत यावा, याची मुदत त्या अनुच्छेदात नाही. त्यामुळे बहुतेकदा अहवाल पटलावर येतात ते अधिवेशन गुंडाळण्याच्या बेतात. त्या दिवशी सदस्यांना तो वाचायलाही वेळ नसतो, चर्चा तर दूरच. हा योगायोग आहे असं म्हणणं जरा भाबडेपणाचं होईल. दुसरी एक गोष्ट मात्र तितकीच खरी आहे. या अहवालावरची खरी चर्चा सभागृहात व्हायची नसतेच, ती समितीत व्हायची असते.

लोकलेखा समिती ही आपल्याकडची सगळ्यात जुनी वित्तीय समिती. दिल्लीत ती १९२१ पासून आहे. संसदेच्या समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, आणि १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत आहे. आपल्या विधिमंडळात लोकलेखा समितीच्या जोडीला अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, पंचायत राज समिती आणि आश्वासन समिती आहेत. शेवटचं नाव ध्यानात ठेवा. मंत्र्यांनी सभागृहात 'चौकशी करू', 'एका महिन्यात अहवाल मागवू' असं म्हटलं की त्या आश्वासनाची नोंद होते आणि ते पाळलं गेलं का, हे ही समिती बघते. तुमच्या पुलाचा किंवा शाळेच्या इमारतीचा प्रश्न लक्षवेधीत येऊन गेला असेल, तर कागद शोधायची जागा लोकलेखा नव्हे, आश्वासन समिती.

अहवाल पटलावर आला की प्रत्येक परिच्छेदाबद्दल विभागाने स्पष्टीकरणात्मक ज्ञापन द्यायचं असतं. चूक झाली का, झाली असेल तर कोणाची, वसुली किती, पुढे काय उपाय केला, असा त्याचा मजकूर. महालेखापालांकडून ते तपासून घेतलं जातं आणि मग विधानमंडळ सचिवालयाकडे जातं. केंद्र सरकारच्या मंत्रालयांना अशा टिपणीसाठी ४ महिने आणि समितीच्या शिफारशींवर काय केलं हे सांगायला ६ महिने दिलेले आहेत. मुदती पाळल्या जात नाहीत, ही तक्रार कॅगच्या अहवालांत वर्षानुवर्षं छापली जाते. समितीला सगळे परिच्छेद तपासायला वेळ नसतो. ती मोजके निवडते आणि त्यांवर सचिवांना साक्षीला बोलावते. मंत्र्यांना बोलावत नाही. न निवडलेले परिच्छेद लेखी उत्तरावर भागतात, आणि बरीचशी अडगळ याच ढिगात साचते. म्हणून आपला क्रमांक निवडला गेला की नाही, हा पहिला प्रश्न.

आता कागद बाहेर येण्याचा मुद्दा. समितीला माणसं बोलावण्याचा, कागद आणि अभिलेख मागवण्याचा अधिकार असतो. लोकसभेच्या नियमांत त्याला एक अपवाद आहे. राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल असं वाटलं तर सरकार कागद द्यायला नकार देऊ शकतं. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात. साक्ष देताना सचिव काय बोलले, कोणती टिपणी पुढे केली, हे समितीचा अहवाल सभागृहाला सादर होईपर्यंत गोपनीय असतं. त्याआधी ते फोडणं हा विशेषाधिकाराचा भंग ठरतो. अहवाल सादर झाल्यावरही साक्षीचा शब्दन् शब्द बाहेर येतोच असं नाही. अहवालात साक्षीचा सारांश, समितीचा निष्कर्ष आणि शिफारशी असतात. सोबतची परिशिष्टं मात्र बघाच. विभागाने दिलेले तक्ते तिथे जसेच्या तसे असतात आणि खरा ऐवज पुष्कळदा तिथेच सापडतो.

बंद दाराआडच्या या पद्धतीशेजारी मुंबईतली एक जुनी चौकशी ठेवून बघण्यासारखी आहे. १९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत फिरोझ गांधींनी आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीचा प्रश्न काढला. महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले होते. अर्थमंत्री आणि त्यांच्या सचिवांमधला पत्रव्यवहार सभागृहात उघड झाला आणि चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे गेली. सुनावणी मुंबईत, उघड्यावर. गर्दी इतकी की आत न मावलेल्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांत काम उरकलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. ती समिती नव्हती, चौकशी आयोगाचा कायदा वेगळा आहे, हे खरं. पण साक्ष लोकांसमोर झाली की काम रेंगाळतं, हा समज त्या चौकशीने तरी खोटा ठरवला.

आयोग आणि समिती यांत वाचकाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. चौकशी आयोग अधिनियम १९५२ च्या कलम ३(४) नुसार आयोगाचा अहवाल सरकारला मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत, कृती अहवालासह, म्हणजे त्यावर सरकारने काय केलं या टिपणीसह, सभागृहापुढे ठेवावा लागतो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींवरच्या श्रीकृष्ण आयोगाने अहवाल दिला १६ फेब्रुवारी १९९८ ला, तो पटलावर आला ६ ऑगस्टला. मुदत संपायला दहा दिवस राहिले होते. आदर्श सोसायटीच्या आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये नागपूर अधिवेशनात आला, तेव्हा सोबतच्या कृती अहवालात सरकारने तो फेटाळला होता आणि नंतर काही भाग स्वीकारला. म्हणजे आयोगाचा अहवाल हातात आला तर आधी कृती अहवाल उघडा. मूळ ग्रंथात काय म्हटलंय त्याइतकंच, त्यातलं काय मान्य झालं, हे महत्त्वाचं.

आता आपल्या महापालिकेचं उदाहरण घेऊ. महापालिकेचा स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो आणि तो स्थायी समितीला अहवाल देतो. विधिमंडळाच्या वाटेने येणारा कॅगचा अहवाल महापालिकेच्या बाबतीत रोजचा नाही. राज्य सरकारने विनंती केल्यामुळे सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांची तपासणी झाली आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या अखेरीला सभागृहापुढे आला. त्यातल्या दोन नोंदी बातम्यांत सगळ्यात जास्त फिरल्या. सुमारे २१४ कोटींची २० कामं निविदा न मागवता दिली आणि सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत करारनामाच झाला नव्हता.

हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. पहिल्यात प्रश्न निवडीचा आहे, स्पर्धा झाली असती तर दर कमी आला असता का. दुसऱ्यात पैसे वाया गेले असं अहवाल म्हणत नाही. काम झालंही असेल, चांगलंही झालं असेल. पण करारनाम्यावर सही नसेल तर उशिराचा दंड, दोषदायित्वाचा काळ म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, अनामत जप्त करणं, या सगळ्याला धरायला कागदच उरत नाही. वाद न्यायालयात गेला तर महापालिकेची बाजू लंगडी पडते. ४,७५५ कोटींचा घोटाळा असं कुणी म्हणालं तर तो अहवाल वाचलेला नाही, आणि काहीच झालं नाही असं कुणी म्हणालं तर त्यानेही वाचलेला नाही. तिसरी नोंद फारशी फिरली नाही, पण सगळ्यात महत्त्वाची ती. कोविड काळातल्या खर्चाचे कागद महापालिकेने साथरोग कायद्याचा आधार सांगून लेखापरीक्षणाला दिले नाहीत. अहवालात काय सापडलं यासोबत काय दाखवलंच नाही, हेही लिहिलेलं असतं. ते बहुधा प्रस्तावनेत किंवा 'लेखापरीक्षणाच्या मर्यादा' या मथळ्याखाली असतं. वाचायला बसाल तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

शब्दांचेही सापळे आहेत. 'बचत' म्हटलं की आपल्याला चांगलं वाटतं. विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर रकमेपुढे झालेला खर्च मांडणाऱ्या हिशेबात, बचत म्हणजे मंजूर झालेला पण न खर्चलेला पैसा. दवाखान्याच्या बांधकामासाठी ठेवलेले १० कोटी पडून राहिले तर तीही बचतच. 'टाळता येण्याजोगा खर्च' आणि 'निष्फळ खर्च' यांतही अंतर आहे. पहिल्यात काम झालं पण महाग पडलं, दुसऱ्यात पैसे गेले आणि उपयोग शून्य. अंदाजित तोटा तर आणखी वेगळा. मोबाइल कंपन्यांना दिलेल्या टू-जी स्पेक्ट्रमवरच्या कॅगच्या २०१० च्या अहवालातला १.७६ लाख कोटींचा आकडा सरकारच्या तिजोरीतून गेलेल्या रकमेचा नव्हता, मिळू शकली असती अशा रकमेचा अंदाज होता. त्याच विषयावर पुढच्या वर्षी संसदेच्या लोकलेखा समितीचा मसुदा अहवाल सगळीकडे फिरला, पण समितीतल्या बहुसंख्य सदस्यांनी तो नाकारला आणि लोकसभा अध्यक्षांनी तो परत पाठवला. मसुदा अहवाल हा अहवाल नव्हे. मोबाइलवर आलेल्या पीडीएफवर सादर केल्याची तारीख आणि अहवालाचा क्रमांक नसेल तर ती पुढे ढकलू नये.

कागद मिळवायचे कसे? कॅगच्या संकेतस्थळावर राज्य निवडलं की अहवाल उतरवता येतात, बऱ्याच वेळा मराठीतही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर समित्यांचे अहवाल असतात. मराठी पीडीएफमध्ये एक त्रास हमखास होतो. जुने अहवाल युनिकोडमध्ये नाहीत, सुरेख किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर मराठी नीट दिसतं, पण शोधायला 'रस्ते' टाइप केलं तर काहीच सापडत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. अहवालात तो विषय नाही, असा गैरसमज अनेकांचा यामुळेच होतो. अशा वेळी सरळ अनुक्रमणिकेवरून पान गाठावं.

जे तिथे नाही त्यासाठी माहितीचा अधिकार. इथे लोक एक चूक करतात. 'लोकलेखा समितीला विभागाने दिलेल्या उत्तराची प्रत द्यावी' असा अर्ज करतात. जन माहिती अधिकारी कलम ८(१)(ग) दाखवतो, विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल म्हणतो, आणि अर्ज तिथेच अडकतो. समितीचं नाव न घेता मूळ कागद मागा. समितीकडे जाण्याआधीही तो कागद कार्यालयात होताच. उदाहरणार्थ, 'अमुक अहवालाच्या परिच्छेद अमुकमध्ये नमूद केलेल्या कामाचा कार्यादेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अंतिम देयक यांच्या प्रती द्याव्यात.' करारनामा नसेल तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर येईल. तोही पुरावाच.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज १५० शब्दांपर्यंत, एका अर्जात एकच विषय, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. प्रतींना पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. 'असं का केलं?' असा प्रश्न विचारू नका. कारणं लिहून देणं अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, कागद देणं आहे. कारण हवं असेल तर फाइलवरच्या टिपणीची प्रत मागा, ते तिच्यात असतं. पानं किती आहेत याचा अंदाज नसेल तर आधी अभिलेख पाहायला मागा आणि हव्या त्या पानांवर खूण करून या. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण विभाग कार्यालय की मुख्यालयातलं खातं, हे आधी शोधलेलं बरं. त्यात महिना वाचतो. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप लावून. अपिलात कलम १० लिहायला विसरू नका. न देण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा, असं ते कलम सांगतं.

पूर्वी कलम ८ मध्ये एक सुंदर वाक्य होतं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीचं उपकलम बदललं आणि ते वाक्य गेलं. जुन्या पुस्तिकांतून नमुने उतरवून अर्ज करणाऱ्यांनी एवढी दुरुस्ती करून घ्यावी.

परदेशात वेगळीच पद्धत दिसते. तिकडच्या समित्या कधी कधी मूळ कागदांचा ढीगच लोकांपुढे ओततात. डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने फेसबुकचे अंतर्गत ईमेल प्रसिद्ध केले, सुमारे २५० पानं. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या देखरेख समितीने लैंगिक गुन्ह्यांतला आरोपी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाची ३३,२९५ पानं एका दमात खुली केली. आपल्या व्हॉट्सअॅपवर त्यातली सुटी पानं मराठी ओळी जोडून फिरली. अशा ढिगात एकच ईमेल उत्तरांसकट दहादा येतो, निम्मी पानं आधीच जाहीर असतात, पुष्कळशी पानं नुसती छायाचित्रं असतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक छापलेला असतो. तो कापून टाकलेलं पान आलं तर ते मूळ ढिगात शोधता येत नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. आणि पत्त्यांच्या वहीत किंवा ईमेलमध्ये नाव असणं म्हणजे आरोप नव्हे. समिती न्यायालय नसते, तिकडेही आणि इकडेही.

आपल्या न्यायालयात समितीच्या अहवालाचा उपयोग होतो का? २०१८ च्या कल्पना मेहता निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की संसदीय समितीचा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज म्हणून न्यायालय पाहू शकतं, मात्र त्या अहवालाला आव्हान देता येत नाही. आणि जाहीर झालेल्या कामकाजाबद्दल बोलायला घाबरायचं कारण नाही. विधिमंडळाच्या कामकाजाचं बऱ्याच अंशी खरं वृत्त द्वेषबुद्धी न ठेवता दिलं, तर अनुच्छेद ३६१-अ त्याला संरक्षण देतो. रेडिओवरून दिलेल्या वृत्तालासुद्धा, हे आमच्या सोयीचं. गुप्त बैठकीच्या वृत्ताला मात्र ते लागू नाही.

शेवटी पुन्हा त्या क्रमांकाकडे. तुम्ही वहीत अहवालाचं वर्ष आणि परिच्छेद क्रमांक टिपून ठेवलात. पुढच्या वर्षीचा अहवाल आला की पहिल्या प्रकरणात आणि मागच्या परिशिष्टांत बघा. कोणत्या विभागाची किती स्पष्टीकरणात्मक ज्ञापनं यायची आहेत, कोणते निरीक्षण अहवाल थकलेत, यांचे तक्ते तिथे असतात. तुमच्या विभागाच्या रांगेत थकबाकी दिसली, तर त्या तक्त्याचं पान अर्जाला जोडा आणि परिच्छेदाचं सद्यःस्थितीपत्रक मागा. अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, कारण उत्तराची ३० दिवसांची मुदत त्याच तारखेवरून मोजायला सुरुवात होते.

नमस्कार.